उसाचा अंदाज आणि बेझची पद्धती

थॉमस बेझ याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थमितीत त्या विचाराची पद्धतशीर मांडणी आर्नोल्ड झेल्नर यांनी १९७१ च्या ग्रंथात केली. पूर्वज्ञान संभाव्यतेच्या रूपाने मांडावे आणि नव्या निरीक्षणांनी ते सुधारावे, हे तिचे सार होय. तत्त्व निर्दोष आहे. तथापि पूर्वधारणेचा मध्य ठरविताना जी दक्षता दिसते, ती तिची अनिश्चितता ठरविताना दिसत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

महाराष्ट्रातील साखरेचे अंदाज पाहावेत. २०२१-२२ मध्ये सुमारे १३७ लाख टन साखर झाली. पुढील हंगामाचा प्रारंभिक अंदाज १३८ लाख टनांच्या आसपास होता. प्रत्यक्षात सुमारे १०५ लाख टन झाली. २०२३-२४ साठी, पावसाची ओढ पाहून, सुमारे ८८ लाख टन धरले गेले. हाती आले सुमारे ११० लाख टन. हे अंदाज बेझच्या रीतीने केलेले नव्हेत; परंतु तिच्या परिभाषेत पाहिल्यास पहिल्या वर्षी पूर्वानुभवाला आणि दुसऱ्या वर्षी नव्या लक्षणाला अवाजवी वजन मिळाले, असे दिसते.

हे वजन बेझची पद्धती उघड करते. ते योग्य असल्याची हमी मात्र देत नाही. समजा, पूर्वधारणेप्रमाणे हेक्टरी उतारा ९० टन, प्रमाण विचलन ५. आणि कापणी-प्रयोगात ७५ टन, प्रमाण त्रुटी १०. सुधारित अंदाज ८७ येतो. पूर्वधारणेचे विचलन १० मानले, तर तोच ८२.५ होतो. निरीक्षण तेच, बदलला तो आपला आत्मविश्वास.

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा-भीमा संगम आहे. नीरेचे पाणी भाटघर व वीर धरणांच्या, तर भीमेचे उजनीच्या नियंत्रणाखाली येते. दोन्ही खोऱ्यांतील उसाला एकाच पावसाचा अर्थ एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून राज्यासाठी एकच पूर्वधारणा न घेता गाव, तालुका, खोरे अशी स्तरबद्ध रचना स्वीकारावी. म्हणजे जेथे निरीक्षणे थोडी, तेथे शेजारचा अनुभव उपयोगी पडेल.

अशा आकड्यांवर निर्यातीचे धोरण, कारखान्यांची कर्जे व ऊसतोडणीच्या टोळ्यांशी होणारे करार अवलंबून असतात. यास्तव प्रत्येक अंदाजाबरोबर त्याची पूर्वधारणा, तिचे विचलन आणि अंतिम मर्यादा प्रसिद्ध झाल्या पाहिजेत. ज्याने आपली शंका मोजून सांगितली नाही, त्याचा आकडा अंदाज नसून केवळ मत होय.