मांजराचा दमा : एक रसग्रहण

आमच्या बोक्याला दमा असल्याचं सांगून डॉक्टरांनी औषधाबरोबर एक सोळापानी पुस्तिका हातात ठेवली. तिच्यावर अजून कुणी परीक्षण लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा खटाटोप.

पुस्तिकेची निवेदनशैली संयत आहे. दमेकरी मांजर अंग जमिनीला टेकवून, मान लांब करून खोकतं, हे वर्णन इतकं हुबेहूब की आमचाच बोका समोर बसवून लिहिलंय असं वाटावं. हे आसन आम्ही वर्षभर पाहत होतो. आई म्हणायची, "केस अडकलाय रे, ओकेल आता." तो ओकायचा मात्र नाही. तिथंच दम्याची शंका घ्यायची असते, हे तिसऱ्या पानावर स्वच्छ छापलंय. आमच्याकडे ते पान वर्षभर उशिरा पोचलं.

झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत हवेत, असंही त्यात आहे. रात्री दोन वाजता घड्याळ घेऊन मी मोजले. "३८," म्हटलं. ही म्हणाली, "झोपा आता, नाहीतर तुमचे मोजावे लागतील."

कृती इन्हेलरच्या प्रकरणात मात्र साफ फसली आहे. नळीचा मास्क तोंडावर धरावा आणि सात ते दहा श्वास होऊ द्यावेत. अहो, धरावा कुणी? उंदरांची सभा नुसत्या घंटेवर मोडली होती! आठवडाभर मास्कात सुकटीचा तुकडा ठेवला, तेव्हा कुठं स्वारीनं नाक घातलं. पुढे फ्लुटिकासोनचा पुरता गुण यायला आणखी आठ-पंधरा दिवस.

खलपात्रांची यादी सातव्या पानावर : धूळ, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट. आईनं त्याच संध्याकाळी उदबत्ती बंद केली. "देव समजून घेईल, याला कोण समजावणार?" मी यादीतला शेवटचा शब्द दोनदा वाचला आणि पान उलटलं. मग गॅलरीत जाऊन ओढू लागलो. पण लेखक निर्दय! धूर कपड्यांना चिकटून घरात येतो, मांजराच्या केसांवर बसतो आणि ते अंग चाटतं, असं पुढच्याच पानावर.

परवा बोका मांडीवर आला, शर्ट हुंगला, खोकला आणि उतरून गेला. माझ्या कुठल्याच पुस्तकावर इतकं थेट परीक्षण आलेलं नाही.

पाकीट खणात आहे, चार दिवस उघडलेलं नाही. काल रात्री २८ भरले.