पडकं शहर आणि जित्या बाया

रिचर्ड बर्टन हा कंपनीच्या फौजेतला इंग्रज लेफ्टनंट. 1847 साली आजारपणाच्या रजेत गोवा फिरला आणि 1851 साली त्यावर पुस्तक छापलं. जुन्या गोव्याची ओसाडी तो मन लावून दाखवतो, ते वाचण्यासारखं आहे. पण ऱ्हासाचा दोष देताना तो घसरतो पोर्तुगीजांनी इथल्या बायकांशी केलेल्या लग्नांवर. साथींनी माणसं गेली, डचांनी व्यापार ओढून नेला. एवढं असताना खापर फोडायचं ते बायकांवर आणि त्यांच्या लेकरांवर?

त्याहून खटकतो तो सांता मोनिका मठाचा किस्सा. एक इंग्रज अधिकारी तरुण जोगिणीला पळवायला रात्री मठात शिरतो आणि चुकून वयस्क उपप्रमुख बाईंनाच उचलून नेतो. बर्टनला हे गमतीचं वाटतं. त्या बाईंवर काय गुदरलं असेल, याची एक ओळ नाही.

1835 साली पुरुषांचे मठ बंद झाले होते. जोगिणींना राहू दिलं, पण नवी दीक्षा नाही. म्हणजे हे घर माणसामाणसानं रिकामं होत होतं. शेवटची जोगीण 1885 साली वारली.

आर्यिकांचा विहार पाहिलेल्या आपल्याला कळतं, संसार सोडलेली बाई म्हणजे कुणी कोंडून ठेवलेली पोर नव्हे. बर्टननं पडक्या भिंती नीट पाहिल्या. समोर शेवटाला चाललेली बायकांची वस्ती मात्र त्याला थट्टेपुरतीच दिसली.