श्रेणीचा लोप आणि श्रेणीवाचक शब्द

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील पात्रांची श्रेणी, म्हणजे खेळाडूंच्या तोंडची ‘लेव्हल’, नाहीशी करून तिच्या जागी प्रगतीची दुसरी एखादी पद्धती आणावी, असा पक्ष या खेळांच्या विवेचनात वारंवार मांडला जातो. श्रेणीमुळे खेळ ही आकड्यांची चढण होऊन बसते, नव्या आणि जुन्या मित्रांची ताटातूट होते, खेळाडू त्या जगात रमण्याऐवजी पुढच्या पायरीकडे डोळे लावून बसतो, हे त्यांतील प्रमुख आक्षेप होत. आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष पुरेसा विचार करून काढलेला दिसत नाही. श्रेणी ही जशी नियमांतील एक यंत्रणा आहे, तसाच तो खेळाडूंच्या परस्परव्यवहारातील एक शब्द आहे. आणि यंत्रणा काढून टाकली म्हणजे शब्दाची गरजही संपते, असे गृहीत धरण्यास काही आधार नाही.

या शब्दाला प्रारंभी निश्चित अर्थ होता. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन लढायांच्या खेळात ‘हीरो’ चार सैनिकांच्या बळाचा आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या बळाचा मानला जाई. पुढे गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) सिद्ध केला, तेव्हा योद्ध्याच्या चौथ्या श्रेणीस ‘हीरो’ व आठव्या श्रेणीस ‘सुपरहीरो’ हीच नावे राहिली. म्हणजे या ‘चार’मागे चौथेपणा नव्हता, चौघांचे बळ होते. क्रम उरला आणि बळाचा हा संदर्भ मागे पडला, तेव्हाच शब्दाचा अर्थ पातळ होऊ लागला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळात आरंभी ६० श्रेणी होत्या. त्या १२० पर्यंत चढल्या आणि २०२० साली कर्त्यांनी १२० च्या ५० करून टाकल्या. जो आकडा असा एकाएकी आवळता येतो, तो नेमके काय मोजत होता, हे सांगणे कठीण आहे. फार तर शाळेतील इयत्तेप्रमाणे तो ‘येथवर आलो’ एवढेच सांगत होता.

श्रेणी मुळातच न ठेवणाऱ्या खेळांत ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) याचा विचार प्रथम करावा लागतो. चाळीसहून अधिक कौशल्ये आणि प्रत्येकाची वाढ वापराने, अशी त्याची रचना. मराठीत ज्याला हात बसणे म्हणतात, तेच येथे नियमरूपाने आले. (कागदावर खेळल्या जाणाऱ्या ‘रूनक्वेस्ट’ने हा मार्ग १९७८ सालीच चोखाळला होता.) कल्पना रम्य खरी, पण वापराने वाढ होते म्हटल्यावर खेळाडू गरज नसतानाही वापर करू लागले. तोच मंत्र शेकडो वेळा म्हणावा, लपण्याचे कारण नसता लपत राहावे, हे काम अखेर आपोआप कळ दाबणाऱ्या आज्ञावलीवर सोपवून झोपी जावे, असे प्रकार सर्रास झाले. हात बसण्याऐवजी घोकंपट्टी झाली. हा दोष मोठा आहे आणि या पद्धतीचे चाहते तो सहसा सांगत नाहीत.

तरीही त्या खेळाने एक गोष्ट साधली. एका कौशल्याची मर्यादा १०० आणि सर्वांची मिळून ७०० असल्यामुळे सर्वच गोष्टींत कोणी पारंगत होऊ शकत नसे. एक विद्या वाढवायची तर दुसरी उतरू द्यावी लागे. शंभर गुण झालेल्यास ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी मिळे. खेळाडूंनी लगोलग तिचा आकडा केला आणि ‘सात वेळा ग्रँडमास्टर’ अशी ओळख रूढ झाली. दाराने घालवलेली श्रेणी खिडकीतून परत आली, असे वरवर वाटेल. पण सात ही संख्या पूर्णतेस पोचलेल्या सर्वांचीच असल्याने संभाषण तेथे थांबत नसे. ‘कोणती सात?’ हा प्रश्न अटळ होता, आणि उत्तरात लोहार, शिंपी, मांत्रिक, जनावरे माणसाळवणारा अशी माणसे प्रकट होत. पात्र या शब्दाशी पात्रता जोडलेली आहेच. ती येथे वर्णनाने सांगावी लागत असे.

‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) या आइसलंडमधील खेळाने तिसरी वाट धरली. तेथे कौशल्य पंचांगाच्या काळाने वाढते, मग खेळाडू जागा असो वा निजलेला. घोकंपट्टी त्यामुळे नाहीशी झाली. प्रत्येक कौशल्यास पाच पायऱ्या. सर्वांत सोप्या कौशल्याची पहिली पायरी २५० गुणांची, तर पाचवी एकूण २,५६,००० गुणांची. परिणाम असा की, लहान जहाज चालविण्यापुरता नवा खेळाडू जुन्याच्या जवळपास लवकर पोचतो. जुन्याची सरशी रुंदीत असते, उंचीत नव्हे. इतकी सूक्ष्म रचना असूनही खेळाडूंच्या बोलण्यात काय रुजले, तर ‘इतके दशलक्ष गुण’. लहान जहाजात बसलेल्याच्या मोठ्या जहाजांसंबंधीच्या गुणांचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नसतो, तरी बेरजेत ते असतातच. हा शब्द सेवाज्येष्ठतेचा आहे, कर्तबगारीचा नव्हे. बेरीज एकजिनसी असल्याने ती विक्रेयही झाली. २०१६ पासून एका पात्राचे गुण काढून दुसऱ्यास देण्याची सोय झाली. ५० लाखांहून कमी गुण असणाऱ्यास एका मात्रेतून ५ लाख मिळत, ८ कोटींहून अधिक असणाऱ्यास दीड लाखच. ही उतरंड नवख्यास अनुकूल आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु काळाचे मोल बाजारात ठरू लागल्यावर वाट पाहण्याला जो अर्थ होता, तो राहिला नाही.

याउलट ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने २०१६ साली श्रेणी ठेवूनच सारे जग खेळाडूच्या मानाने समतल केले. ताटातूट मिटली, पण आकडा मात्र पूर्वीच्याच दिमाखाने पात्रावर मिरवत राहिला.

श्रेणीविरोधी पक्षाने ‘सिटी ऑफ हीरोज’ (२००४) या खेळाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे आश्चर्य होय. त्याने श्रेणी रद्द केली नाही. वरच्या श्रेणीचा खेळाडू खालच्या श्रेणीतील मित्रास ‘साइडकिक’ करून घेई, आणि तो जवळ असेतोवर मित्राचे बळ त्याच्या बळाच्या आसपास येई. दूर गेला की ते ओसरे. नियमांनी येथे आकड्याच्या जोडीस नात्याचा एक शब्द दिला आणि खेळाडूंनी त्या नामाचे क्रियापद करून ते रोजच्या बोलण्यात आणले. मूळ खेळ २०१२ साली बंद पडला, तेव्हा त्यात श्रेणी ५० पर्यंतच होत्या.