फाशीची घोषणा आणि आरोपीचा वकील



जून २०२३ आठवा. १ जूनला नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव मारला गेला. वय चोवीस. गावात आंबेडकर जयंती काढली त्याचा राग होता, असं फिर्याद सांगते. त्याच दिवसांत लातूर जिल्ह्यात रेणापूरला गिरिधारी तपघाले हा मातंग समाजातला माणूस सावकारीच्या वादात गेला. पेपरात रक्कम आली ती तीन हजार रुपये. तीन हजार! नांदेड आणि लातूर ही दोन नावं त्या महिन्यात राज्यभर एकाच बॅनरवर चढली. मुंबईपर्यंत मोर्चे निघाले. निघायलाच पाहिजे होते. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत ह्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं, ते नाव घेतल्याशिवाय आमच्याकडं आजही सभा सुरू होत नाही.

मी त्या मोर्च्यांबद्दल नाही बोलत. मी घोषणांबद्दल बोलतोय. डाळमिलीत पोती वाहणाऱ्या माणसाला कायद्याचं काय कळतं म्हणणारानं खुशाल म्हणावं. घोषणा ही आपली पहिली कविता हाय, आणि कवितेला बरं-वाईट म्हणायचा हक्क मी सोडत नाही.

असल्या प्रत्येक खुनानंतर दोन घोषणा ठरलेल्या. एक, ‘आरोपींना फाशी द्या’. दुसरी, ‘आरोपींचं वकीलपत्र कुणीही घेऊ नये’. पहिलीतलं क्रियापद बघा. ‘द्या’. कोण देणार? सरकार. म्हंजे ज्या ठाण्यात आपली फिर्याद घ्यायला रात्र घालवतात, ज्या जमादाराच्या पंचनाम्यात भोकं असतात, त्यांच्याच मालकापुढं आपण पदर पसरतो. ह्या ओळीत मेलेला माणूस नाही, त्याची जात नाही, ज्यानं डोळ्यानं बघितलं तो साक्षीदार नाही. फक्त दोर हाय. वाईट कविता अशीच असते, शेवट मोठ्यानं म्हणते आणि मधलं सगळं गिळते.

हे मधलं गिळल्यानं काय होतं ते खैरलांजीत दिसलं. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे. त्यांना न्याय मागायला विदर्भ पेटला. फाशी मागितली आणि मिळाली सुद्धा! २४ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. लई जणांना वाटलं, जिंकलो. पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. बायकांच्या अब्रूवर हात टाकल्याचं शाबीत झालं नाही. पुढं १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली, आणि तिथंही कारण ठरलं सूड. आधीच्या मारहाणीच्या केसमध्ये भोतमांगे बायांनी साक्ष दिली त्याचा सूड. आता त्या बायांची जात महार नसती तर एका साक्षीपायी अख्खं गाव असं उलटलं असतं काय, हा प्रश्न निकालपत्राला पडत नाही. आपण फाशी मागत राहिलो आणि जात निर्दोष सुटली.

आणि हे काय आरोपीच्या वकिलानं केलं? पुरलेली प्रेतं उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करायची पाळी आली ती कुणामुळं? तपास सीबीआयकडं का द्यावा लागला? पहिल्या चार दिवसांत जे नासलं ते पुढं कुठल्याच वकिलाला, अगदी उज्ज्वल निकमांनासुद्धा, भरून काढता आलं नाही. सुरुवातीला तर पेपरवाल्यांनी सुरेखाबाईंच्या चारित्र्यावरच शाई सांडली होती. लोकमत म्हणतात ते हेच. ते कुणाच्या मालकीचं, हे आपल्याला सांगायला नको.

आता नगर जिल्हा घ्या, आताचं अहिल्यानगर. खर्ड्याचा नितीन आगे, सतरा वर्षांचा पोरगा, २८ एप्रिल २०१४ ला मारला. कोपर्डीची मराठा समाजातली पंधरा वर्षांची मुलगी १३ जुलै २०१६ ला. दोन्ही गुन्हे असे की लिहिताना हात थरथरतो. दोन्ही निकाल एकाच शहरात, एकाच महिन्यात, नोव्हेंबर २०१७ ला. कोपर्डीत तिघांना फाशी. खर्ड्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. कोपर्डीसाठी लाखोंचे मूक मोर्चे निघाले, आमच्या नांदेड-लातुरातही, आणि त्यात फाशीच्या मागणीशेजारीच अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी होती. आरोपी दलित होते म्हणून. एकदा तर कोर्टाच्या आवारातच त्यांच्यावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. अख्खा जिल्हा कोर्टाच्या दारात उभा राहिला म्हंजे आतल्या माणसाची बाजू मांडायला किती छातीचा वकील लागतो, हे आपण तेव्हा बघितलं. तेव्हा आपण म्हणत होतो, गुन्हा शाबीत होऊ द्या, जातीला कशाला फासावर चढवता? बरोबर म्हणत होतो. मग बोंढारच्या वेळी तेच तोंड दुसऱ्या बाजूला कसं फिरतं?

नितीनच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला घामही फुटला नसेल. साक्षीदार उलटले, खेळ संपला. ज्या गावात रोज पाणी भरायचं, ज्याच्या शेतात मजुरीला जायचं, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं, ही बहादुरी मोर्च्यातल्या बहादुरीपेक्षा दसपट हाय. आपण मोर्च्यावाल्याचा हार घालून सत्कार करतो. साक्षीदाराचा कधी केला?

वकीलपत्र घेऊ नका म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बाबासाहेब स्वतः आरोपीचे वकील होते. ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरून खटला झाला तेव्हा १९२६ साली जेधे-जवळकरांच्या बाजूनं ते उभे राहिले. र. धों. कर्व्यांना १९३४ साली अश्लीलतेच्या खटल्यात सगळं सभ्य जग थुंकत होतं, तेव्हाही बाबासाहेबच उभे राहिले. हरले, पण उभे राहिले. आणि अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येईल, हे संविधानातलं आजचं २२ वं कलम १५ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत मांडलं कुणी? बाबासाहेबांनीच. त्याच वर्षी जूनमध्ये अपिलावरच्या चर्चेत फाशीची शिक्षाच रद्द करावी हे मत त्यांनी मांडलेलं आहे. आपण त्यांचा फोटो हातात धरून ‘फाशी द्या’ म्हणतो. वकील संघटनेनं वकीलपत्र न घ्यायचा ठराव करणं बेकायदा आहे, असं कोइमतूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१० साली सांगून ठेवलंय. ते आपल्याला बाबासाहेबांनी आधीच सांगून झालं होतं.

फाशीचा दोर कुणाच्या मापाचा वळलेला असतो ते बघा. २००३ साली नाशिकजवळ एका शेतवस्तीवर पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाला. पकडले सहा जण, भटक्या जमातीतले. खालच्या कोर्टानं फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची कायम ठेवली. २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहांना फाशी सुनावली. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंच्या फाइलीतून दुसरेच चौघं ओळखले होते, त्यांच्याकडं कुणी वळलंच नाही. सहातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत म्हणून सांगितलं. सोळा वर्षं! उलटतपास नीट झाला नाही म्हंजे काय होतं, ह्याचा हा हिशेब. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ ला फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश माणसं मागास जातीजमातींतली आणि अल्पसंख्याक निघाली. फाशीच्या कोठडीत आपलीच वस्ती हाय.

मुंबईत शाहिद आझमी नावाचा तरुण वकील होता. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीचं वकीलपत्र त्यानं घेतलं. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याला त्याच्याच ऑफिसात त्याला गोळ्या घातल्या. तीन महिन्यांनी कोर्टानं अन्सारीला निर्दोष ठरवलं. आझमीनं वकीलपत्र नाकारलं असतं तर?

ह्याचा अर्थ आरोपीच्या वकिलाच्या पाया पडा असा नाही. मेलेल्या पोरावर ‘प्रेमप्रकरण’ लावणारा, फिर्यादी बाईला भर कोर्टात नको ते विचारणारा वकील असतोच. त्याची लक्तरं आपण ह्याच पानांवर काढू. पण त्याला उत्तर कोर्टात आपला वकील बसवून द्यायचं असतं. तो जी भोकं दाखवतो ती त्यानं पाडलेली नसतात. जातीचा दाखला दोषारोपपत्राला लावला नाही, तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसानं केला, पंच दारूडे घेतले. ही भोकं सरकारची, आणि ती सुनावणीच्या दिवशी बुजत नाहीत.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून १५-अ कलम हाय. जामिनाच्या सुनावणीची नोटीस फिर्यादीला मिळाली पाहिजे आणि त्याचं म्हणणं कोर्टानं ऐकलं पाहिजे. साक्षीदाराला संरक्षण मागता येतं. नियमांत फिर्यादीच्या पसंतीचा ज्येष्ठ वकील कलेक्टरकडं मागता येतो. नियम ११ मध्ये साक्षीला येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरीसुद्धा आहे. बोंढारच्या, रेणापूरच्या साक्षीदारांसाठी हे अर्ज कुणी लिहिले, कुणी कलेक्टर कचेरीत नेऊन दिले, पोच कुणाकडं आहे, हे मला पुढच्या बैठकीत विचारायचं आहे. बॅनरचा खर्च नंतर बघू.