पदराची उलटी बाजू

गणपती उठले की आमच्या शहरात प्रदर्शनांचा मोसम सुरू होतो. एखादे मंगल कार्यालय तीन दिवसांसाठी घ्यायचे, लग्नाची टेबले तशीच ओळीने मांडायची, त्यांवर पांढऱ्या चादरी घालायच्या आणि दारात फलक लावायचा : ‘हातांची किमया’, ‘मातीचा सुगंध’ किंवा असेच काहीतरी. अशा एका प्रदर्शनाला मी यंदा गेलो तो माझ्या भाचीमुळे. तिने मातीचे दागिने करायला घेतले आहेत. कानातली, गळ्यातली पदके, भाजून रंगवलेली. गेल्या वर्षी तिने मला तिचे काम दाखवले, तेव्हा मी “छान आहे हो!” असे म्हणालो होतो. त्यावर तिने जे विचारले ते वर्षभर माझ्या मनात सलत राहिले आहे. ती म्हणाली, “मामा, तुम्ही कवितेच्या पुस्तकाला असं नुसतं छान म्हणता का हो?”

म्हणत नाही. पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. एखाद्या नवकवीच्या पहिल्या संग्रहातली प्रतिमा उसनी असेल, तर ती कोठून उसनी आणली हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग हाताने केलेली वस्तू समोर आली की माझी जीभ एकदम इतकी गोड का होते? याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. कवीला मी बरोबरीचा मानतो, म्हणून त्याच्याशी भांडतो. कारागिराची मला दया येते.

प्रदर्शनाला आईही आली होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण साड्या बघायच्या म्हटल्यावर गुडघ्यांचे तिला विस्मरण होते.

आधी एकंदर मांडणीविषयी. जवळजवळ प्रत्येक टेबलावर वस्तूशेजारी एक सुबक चिठ्ठी होती. मी त्या सगळ्या वाचल्या. हा व्यवसायाचा दोष. बहुतेक चिठ्ठ्यांत मजकूर एकच : वस्तू हाताने केलेली आहे, निसर्गाला अपाय न करता केलेली आहे, ती घेतल्याने कोण्या घराला हातभार लागेल. सारे खरे असेल. पण वस्तू कशी आहे, याविषयी एक अक्षर नाही. एखाद्या कादंबरीच्या वेष्टनावर ‘लेखकाने ही स्वतः लिहिली असून त्याच्या घरी चार माणसे खाणारी आहेत’ असे छापावे, तसा हा प्रकार. सुगंधी मेणबत्त्या, कापडी बटवे आणि आरशांच्या तोरणांची टेबले मी याच कारणाने भरभर ओलांडली. त्यांत वाईट काही नव्हते. बघण्यासारखेही काही नव्हते.

सावंतवाडीच्या टेबलाशी मात्र थबकलो. लाकडी फळे, भातुकली, आणि एका काचेखाली गंजिफा. दशावतारी गंजिफांचा संच एकशेवीस पानांचा : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने. पाने गोल. बोटांत पंख्यासारखी धरायची असल्याने चित्र कडेपाशीही ओळखू आले पाहिजे, ही चित्रकाराची खरी परीक्षा. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मोडीत निघत असताना राजवाड्यातच चितारी बसवून ती सावरली. इथला संच त्या परंपरेला शोभणारा होता. मत्स्याच्या राजावरची रेघ एका दमात ओढलेली दिसत होती. वामनाची छत्री मात्र प्रत्येक पानावर छापल्यासारखी एकसारखी. हात कंटाळला की असे होते. हे मी टेबलापलीकडच्या बाईंना बोललो नाही. “सुंदर!” म्हणालो आणि पुढे सरकलो. जुनी खोड.

आणि मग पैठणी.

आईने माझा हात सोडला आणि सरळ जाऊन पदर हातात घेतला. गडद जांभळा रंग, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर. टेबलामागे आयोजकांपैकी एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, एक चाळिशीचे गृहस्थ बसले होते. दारातल्या फलकावर दुकानाचे नाव होते, त्या गृहस्थांचे नव्हते. आईने पदर उलटा केला.

हे उलटे करणे म्हणजेच पैठणीची समीक्षा. अस्सल पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाच्या रेशमाची बारीक कांडी वेगळी असते. विणकर ती ताण्याच्या ठरावीक धाग्यांतूनच फिरवतो, आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे वळवतो. म्हणून मोर दोन्ही बाजूंनी मोरच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत रंगीत धागा पाठीमागून या टोकाचा त्या टोकाला जातो. तो कापला की मागे केस पिंजारल्यासारखे दिसते. पदरावर एका दिवसात किती बोटे काम झाले, हे विणकर बोटांनीच मोजू शकतो. अशी एक साडी व्हायला महिना लागतो, नक्षी दाट असेल तर वर्षही.

आईने उलट्या बाजूवरून नख फिरवले. कुठे अडले नाही. मग चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, “काठ फार गोड आलाय. पण ह्या चवथ्या मोराची मान ताठ का हो? बाकीचे वळून बघतायत, हा बंदोबस्ताला उभा राहिल्यासारखा वाटतोय.”

आयोजक बाई हसून म्हणाल्या, “आजी, हाताचं काम आहे. एवढं चालायचंच. तीच तर त्याची गंमत.”

मी आईला कोपराने खुणावणार होतो. तेवढ्यात ते खुर्चीवरचे गृहस्थ उठून पुढे आले. मला वाटले, दुखावले. त्यांनी पदर हातात घेतला, चवथ्या मोरावर बोट ठेवले आणि म्हणाले, “आजी, इथून इथवर माझं काम नाही. पुतण्या बसला होता मागावर. नवीन आहे. मान वळवताना दर ओळीला एक तार सोडून पुढं जायचं असतं, तो दोन-दोन ओळींनी गेला. उसवायला हवं होतं. सण जवळ आला म्हणून राहू दिलं.” थोडे थांबून म्हणाले, “आज दुसरा दिवस. मोराकडं बघून बोललेल्या तुम्ही पहिल्याच.”

मग पाऊण तास ते दोघे बोलत होते आणि आम्ही, म्हणजे मी आणि त्या आयोजक बाई, ऐकत होतो. ते येवल्याहून आले होते. पदरातले आपले काम आणि पुतण्याचे काम ते बोटाने वेगळे करून दाखवत होते; जसे एखादा संपादक जुन्या अंकातली निनावी टिपणे कोणाची ते शैलीवरून सांगतो. मला दिसत नव्हते, मग हळूहळू दिसू लागले. पुतण्याचा धागा किंचित जास्त ओढलेला होता. काकांची वीण सैल नव्हे, पण निश्चिंत. ‘हाताचे काम आहे, चालायचेच’ या एका वाक्याने हे सारे पुसले गेले असते. चूक म्हणजे गंमत नव्हे, हे जर कोणाला ठाऊक असेल तर ते करणाऱ्यालाच.

इथे कोणी मला विद्वानांची साक्ष काढून अडवील. आनंद कुमारस्वामींनी १९०९ साली भारतीय कारागिरावर पुस्तक लिहिले, जपानात यानागी सोएत्सु यांनी पुढे लोककलेची चळवळ उभारून १९३६ साली टोकियोत तिचे संग्रहालय काढले. आणि दोघांनीही नावाची हाव नसलेल्या, परंपरेत विरघळलेल्या कारागिराची थोरवी गाइली. दोघांविषयी मला आदर आहे. (दोघांच्याही पुस्तकांवर लेखकाचे नाव ठळक छापलेले असते, ही गोष्ट अलाहिदा.) पण माझी समजूत अशी की, पूर्वी वस्तूवर नाव नसे याचे कारण गावाला ते ठाऊक असे. वहाण चावली तर पुढच्या बाजारी ती ज्याने शिवली त्याच्यापुढे नेऊन टाकता येई, आणि तो चार माणसांत खाली मान घालून ती दुरुस्त करून देई. तीही टीकाच. कारागीर अनामिक झाला तो गिऱ्हाईक लांब गेल्यावर.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांच्या मिळून आठ जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीने तशाच घडणीच्या वहाणा मिरवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ उठला! उठायलाच हवा होता. कंपनीला मागाहून भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. पण त्या दिवसांत मीही तावातावाने बोलत होतो, आणि माझ्या पायांतली जोडी कोणी शिवली हे मला सांगता आले नसते. ती बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची आहे की नुसती रंगवलेली, चामड्याच्या वादीने शिवली आहे की चिकटवली आहे, हेही मी कधी उलटून पाहिले नव्हते. मानांकन प्रांताला मिळते. प्रांत चप्पल शिवत नाही.

नाव कळले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वारली चित्रे भिंतीवर काढली जात, लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. बाहेरच्यांना सगळी चित्रे सारखी वाटत. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मानापेक्षाही मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : बघणारे ‘वारली चित्र’ म्हणायचे थांबून ‘हे मशांचे, ते मशांचे नव्हे’ असे म्हणू लागले. त्यांचे मासे धरायचे जाळे आठवा, कागदभर पसरलेले; त्याची नक्कल चहाच्या कपावर पाहिली की आता डोळ्याला खुपते. डोळा तयार झाला. २०१८ साली मशे गेले, पण तो डोळा राहिला.

पैठणी आईने घेतली नाही. किंमत पाऊण लाखाच्या वर होती आणि ती योग्य होती. आईने घासाघीस केली नाही, नुसता पदर घडीवर घडी बसवून परत दिला. निघताना म्हणाली, “पुतण्याला सांगा, काठ त्यानं केला असेल तर हात चांगला आहे.” काठ त्यानेच केला होता.

भाचीचे टेबल अगदी शेवटी, खाण्याच्या दालनाजवळ होते. तिथवर जाईतो मी मनाशी शब्द जुळवत होतो. एक जोडी उचलली. नक्षी मनापासून आवडली, तांदळाच्या लोंबीसारखी, कोठून उचललेली वाटत नव्हती. मग तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणालो, “जड आहेत. माती जाड राहिली आहे. तासाभरात कानाची पाळी ओढायला लागेल. आणि हा लाल रंग भाजल्यानंतर वरून दिलेला दिसतो. खालचा मातीचा लाल त्याच्याहून चांगला होता.”

ती काही बोलली नाही. गाल जरा तांबडे झाले. मग टेबलाखालची चपट्या डब्याची पेटी ओढून तिने दुसरी जोडी काढली, बिनरंगाची, पातळ. “ह्या चार दिवसांपूर्वीच्या. भाजताना निम्म्या तडकल्या, म्हणून मांडल्या नाहीत. मामा, पातळ केल्या की तडकतात, त्याला काय करू?”

मला ठाऊक नव्हते. तसे सांगितले. तोवर आईने टेबलावरचे एक पदक उचलून पालथे केले होते आणि चष्मा खाली घेत होती.

“आजी, ते नको,” भाची घाईघाईने म्हणाली, “त्याची मागची बाजू घासायची राहिलीय.”