स्वतःचेच सोंग

बहुरूपी आता खेड्यांतूनही क्वचितच दिसतो. पोलिसाचा पोशाख चढवून तो दारात उभा राही, घरधन्याला दम भरी, नसत्या गुन्ह्याची चौकशी करी आणि शेवटी हसून हात पसरी. हा पोलीस नव्हे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे, आणि त्यातच त्या कलेची खरी गंमत होती. सोंग हे सोंग म्हणून पाहायचे, चांगले वठले तर पसाभर धान्य द्यायचे, असा तो उघड व्यवहार होता. दूरचित्रवाणीने आता एक नवा बहुरूपी जन्माला घातला आहे. त्याला दुसऱ्या कुणाचे सोंग घ्यावे लागत नाही. त्याने स्वतःचेच सोंग घ्यायचे असते. गरिबाने गरिबाचे, भांडखोराने भांडखोराचे, भोळ्याने भोळ्याचे. आणि पाहणाऱ्यांनी मात्र ते सोंग नव्हे, सत्य आहे असे समजून पाहायचे. या प्रकाराला ‘रिअ‍ॅलिटी शो’ म्हणतात.

फराळाचे ताट बाजूला ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकाला वाटेल की, असल्या पोरखेळावर टीकालेख लिहिण्यासारखे काय आहे? परंतु ज्या गोष्टीभोवती रात्रीच्या जेवणाच्या वेळी सारे घर जमते, तिच्याकडे समीक्षकाने पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. कीर्तन आणि तमाशा यांची चिकित्सा करणाऱ्या आपल्या परंपरेने याही प्रकाराची चिकित्सा करावयास हवी. आणि ती करताना गहू-खडे वेगळे करावयास हवेत.

काही खडे तर उघडच दिसतात. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज कादंबरीकाराने 1949 साली ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत नागरिकावर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या ‘बिग ब्रदर’चे भय रंगविले होते. बरोबर 50 वर्षांनी, 1999 साली, हॉलंडमध्ये त्याच नावाचा करमणुकीचा कार्यक्रम निघाला. ऑस्ट्रेलियात तो 2001 साली पोहोचला, आणि तिथे त्यासाठी घर बांधले ते चक्क एका करमणूक उद्यानात! आपल्याकडे तो 2006 साली हिंदीत ‘बिग बॉस’ म्हणून आला आणि 2018 साली मराठीतही अवतरला. माणसे कोंडायची, त्यांना एकमेकांवर सोडायचे आणि त्या झोंबाझोंबीला जीवन म्हणायचे, हा त्याचा सांगाडा. त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही. अवघड प्रश्न आहे तो चांगल्या, सज्जन कार्यक्रमांचा. एखादा साधा, कष्टाळू माणूस कॅमेऱ्यापुढे येतो, तेव्हा तो कॅमेरा त्याच्यातले नेमके काय पाहतो?

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. 2019 साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. बबिताताई शाळेत माध्यान्ह भोजनाची खिचडी शिजवीत आणि त्याबद्दल त्यांना महिना 1,500 रुपये मिळत. ही बातमी नागपुरात वाऱ्यासारखी पसरली. आपल्याकडची बाई म्हणून आम्हा सर्वांनाच मोठा अभिमान वाटला. पण त्या वेळी जे बोलले गेले आणि जे आजही लोकांच्या स्मरणात आहे, ते काय? 1,500 रुपये. खिचडी. आणि जिंकल्यावर एक मोबाइल घ्यावयाचा आहे, ही त्यांची साधी इच्छा.

बबिताताईंचा एक कोटीचा प्रश्न मात्र फारसा कुणाला आठवत नाही. 1857 च्या उठावाचा स्वानुभव ‘दास्तान-ए-गदर’ या ग्रंथात लिहिणारा, बहादुरशहा जफरच्या दरबारातला शायर कोण, असा तो प्रश्न होता. झहीर देहलवी हे त्याचे उत्तर. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हाच प्रश्न टाकला, तर किती हात वर होतील याचा मला अंदाज आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. चुलीशी उभी राहणारी एक बाई इतके वाचते कधी, पुस्तके मिळविते कुठून, लक्षात ठेवते कशी, ही खरी कादंबरी. ती राहिली बाजूला. डोळ्यांत पाणी आणणारे दारिद्र्य तेवढे पुढे आले. ज्ञान जिंकले आणि टाळ्या गरिबीला मिळाल्या.

आणि खिचडी तरी कुणी नीट पाहिली? बबिताताई सुमारे 450 मुलांसाठी खिचडी करीत, असे तेव्हा सांगितले गेले. सरकारी मापाने पाचवीपर्यंतच्या मुलाला रोजचे 100 ग्रॅम धान्य. सगळी मुले लहान धरली तरी तो 45 किलो तांदूळ झाला. तो निवडायचा, धुवायचा, डाळ-तिखट-मीठ अंदाजाने घालायचे, तळाला लागू द्यायचे नाही, आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत उतरवायचा. शाळेत नोकरी करणाऱ्याला हे रोज दिसते. ही दया करण्याची गोष्ट नव्हे. हे कसब आहे. या कामासाठी केंद्र सरकारने 2009 साली मानधन ठरविले ते महिना हजार रुपये, तेही वर्षातले दहा महिने. त्या पर्वात एक कोटीपर्यंत पंधरा प्रश्न होते. ‘या कसबाला एवढेच मोल का?’ हा प्रश्न त्या यादीत असण्याचे कारण नव्हते. पण टाळ्या वाजविणाऱ्या आपल्यालाही तो सुचू नये?

याच्या शेजारी एक परदेशी उदाहरण ठेवून पाहावे. ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ ही स्वयंपाकाची स्पर्धा 2009 साली सुरू झाली आणि इंग्रजी वाहिनीवरून आपल्याकडच्याही अनेक घरांत आवडीने पाहिली गेली. तिच्या 2021 च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बंगाली वंशाच्या, मेलबर्नच्या बाईंनी परीक्षकांपुढे काय ठेवावे? पांताभात! रात्री उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीशी खायचा, हे बंगालातल्या शेतकऱ्याचे अन्न. आपण शिळ्या भाताला फोडणी देतो, त्याचेच हे भावंड. किश्वरबाईंनी त्या पाण्याला धुराचा वास दिला, सोबत बटाट्याचे भरीत आणि मासळी ठेवली. त्यांचा क्रमांक तिसरा आला. पण परीक्षकांनी तो भात चाखला, त्याची चव, आंबटपणा, धूर यांविषयी बोलले. भात गरिबाचा होता म्हणून कुणी डोळे पुसले नाहीत. तो चांगला झाला होता म्हणून मान डोलावली.

म्हणून ऑस्ट्रेलियन लोक मोठे उदार, असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्याच देशात 2004 पासून ‘बॉर्डर सिक्युरिटी’ नावाचा कार्यक्रम चालत आला आहे. विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगा अधिकारी उघडतात आणि ते सारे जग पाहते. आशियातून आलेली एखादी म्हातारी, तिला इंग्रजी येत नाही, आणि तिच्या पिशवीतून घरचे खाद्यपदार्थ एकेक करून टेबलावर मांडले जातात. त्या देशाचे नियम कडक आहेत, शेतीला कीड लागू नये म्हणून ते असणेही योग्य. परंतु जे पदार्थ स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यापुढे विद्या ठरतात, तेच विमानतळावरच्या कॅमेऱ्यापुढे मुद्देमाल होतात. पदार्थ तेच, माणसेही तीच. फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत. ‘वास्तव’ म्हणून जे दाखविले जाते, त्यातले निम्मे वास्तव कॅमेऱ्यामागे उभे असते.

आपल्याकडे ही सन्मानाची नजर नाहीच, असे नाही. 2008-09 साली मराठी ‘सारेगमप’च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वाने महाराष्ट्राला वेड लावले. आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने ते पर्व जिंकले. तिथेही निकालाची ताणाताणी होती, मते मागणे होते, कोवळ्या मुलांवरचे ओझेही होते. पण आज आपण त्या मुलांची आठवण काढतो ती त्यांच्या गाण्यावरून, त्यांच्या घरच्या अडचणींवरून नव्हे. अभंग आणि नाट्यगीत नव्याने घराघरांत शिरले ते त्यांच्या गळ्यांतून.

याउलट ‘होम मिनिस्टर’ पाहा. 2004 ते 2022, तब्बल 18 वर्षे आदेश बांदेकर ‘भावोजी’ होऊन घरोघर गेले. ज्या वहिनींना घरात कुणी दोन शब्द विचारीत नसे, त्यांना एका संध्याकाळी मान मिळाला, पैठणी मिळाली, सासूसमोर मोकळेपणी हसता आले. हे ऋण मी नाकारणार नाही. पण गृहमंत्री म्हणायचे आणि खात्याचा कारभार मात्र विचारायचा नाही! उखाणा झाला, खेळ झाले. महिन्याचा खर्च ती कसा भागविते, आजारपणात घर कसे सावरते, हे तिचे राज्यशास्त्र चौकटीबाहेरच राहिले.

या कार्यक्रमांनी मिळवून दिलेला पैसा आणि मान खराच असतो, हे मला मान्य आहे. बबिताताईंना एक कोटी मिळाले ते कुठल्याही टीकाकाराने दिलेले नाहीत. माझे मागणे मोठे नाही. साध्या माणसाला बोलवाल, तेव्हा त्याची गरज विचारण्याआधी त्याचे काम विचारा. त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे कॅमेरा वळण्याआधी तो हातांकडे वळू द्या. आणि आपण पाहणारांनीही, दिवाळीच्या गप्पांत अशा एखाद्या विजेत्याचा विषय निघाला, तर त्याला किती रुपये मिळाले हे सांगून थांबू नये. त्याला काय येत होते, तेही सांगावे.