मरणसतिसुत्त : एका घासाचे माप

अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात मरणसतीची दोन सुत्ते लागोपाठ येतात. दोहोंचे स्थळ नादिक येथील गिञ्जकावसथ, म्हणजे विटांचे निवासस्थान. नांदेड-लातूरकडे हा विषय बहुधा जलदानविधीच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या दिवशीच निघतो. त्यामुळे ही सुत्ते शोकसमयीच्या सांत्वनासाठी आहेत, असा समज दृढ झाला आहे. मूळ पाठ या समजाला आधार देत नाही, असे आमचे मत आहे.

पहिल्या सुत्तात सहा भिक्खू आपापली भावना निवेदन करतात. एक जण जगण्याची मुदत एक अहोरात्र धरतो, दुसरा एक दिवस, तिसरा एका भोजनापुरती, चौथा चार-पाच घासांपुरती. पाचवा एका घासावर व सहावा एका श्वासोच्छ्वासावर येतो. पहिल्या चौघांना भगवान प्रमादी ठरवितात. अखेरच्या दोघांनाच अप्रमादी म्हणतात. मुदत आखडत जाते, हे सर्वांच्या ध्यानी येते. परंतु तेवढ्या वेळात शिकवणीकडे चित्त लावले तर आपल्या हातून पुष्कळ झालेले असेल, हा आशय सहाही निवेदनांत कायम आहे. तेथील शब्द 'कतं', म्हणजे 'केलेले', असा आहे. मरणाच्या स्मरणातून कार्यत्याग नव्हे, तर कार्याची निवड निष्पन्न होते.

दुसऱ्या सुत्तात मरणाचे प्रत्यय मोजले आहेत : साप, विंचू वा गोम चावेल, पाय घसरेल, अन्न बाधेल, पित्त, कफ वा वात प्रकोप पावेल. रानात राबणाऱ्यास ही यादी परकी नाही. चित्तात अकुशल उरले असेल, तर वस्त्राला आग लागलेल्या माणसाच्या तातडीने ते दूर करावे, असा तेथे उपदेश आहे.

येथेच सुत्ताची मर्यादाही जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपेतील माणसांवर कोसळली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. भूकंप निसर्गाचा, भिंत मात्र माणसाने रचलेली. सुत्तातील यादीत अशी भिंत नाही, कारण ते एकेका भिक्खूस स्वतःच्या चित्ताकडे पाहावयास लावते. गावाला तेवढे पुरत नाही. प्रत्यय नाहीसा झाला की फळही थांबते, हा पटिच्चसमुप्पादाचा नियम घरांनाही लागू केला पाहिजे.

हा व्यापक अर्थ आम्हांस बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षात दिसतो. प्रकृती ढासळली असता त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली व दिली, नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत भाषण केले आणि ५ डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना हाताशी घेतली. दीक्षेनंतर त्यांना अवघे ५३ दिवस लाभले. उरलेला वेळ त्यांनी स्वतःपुरता वापरला नाही. तो समाजाच्या कामी लावला.

अर्थात, दिवसभराचा वेळ रोजंदारीवर विकावा लागणाऱ्यास काळाची निवड करा असे सांगणे सोपे आहे. त्याच्या हाती संध्याकाळ तेवढी उरते. योगायोगाने दुसरे सुत्त दिवस मावळतानाही प्रश्न विचारावयास सांगते. म्हणून वर्षावासात विहारांतून ही दोन्ही सुत्ते जरूर वाचावीत आणि वाचनानंतर दोन प्रश्नांची चर्चा व्हावी : चित्तातले कोणते अकुशल अजून उरले आहे, आणि वस्तीतली कोणती भिंत अजून कच्ची आहे?